चार दिवसांचं भूषण

“आणि मानपत्र? तेही आपणच लिहून द्या,” राज्याच्या सत्कार समितीचे भय्यासाहेब चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाले. “उज्जैनमध्ये आपल्यासारखी कलम दुसऱ्या कोणाची आहे? समितीचं पण हेच म्हणणं पडलं.”

यज्ञेश्वर पागे हसले. ज्याचा सत्कार त्यानेच आपली स्तुती लिहून द्यायची, ही रीत त्यांना नवी नव्हती. सरकारी कचेरीत कारकुनी करताना त्यांनी तीन निवृत्त साहेबांसाठी मानपत्रं लिहिली होती. आता चौथं स्वतःचं. किताब मात्र भारदस्त होता : ‘मध्यभारत चित्रकथा-भूषण’. एक नोव्हेंबरला मध्यभारत हे राज्यच नव्या मोठ्या राज्यात विरून जाणार होतं. नवी राजधानी भोपाळ ठरली होती आणि कचेरीतल्या फायली खोक्यांत भरून तयार होत्या. राज्याबरोबर समितीही संपणार, म्हणून अठ्ठावीस तारखेच्या रविवारी हे उरकून घ्यायचं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

“वाचणार कोण?” त्यांनी विचारलं.

“प्रमुख पाहुणे. पुण्याहून मधुकरराव दळवी येऊन राहिलेत. ‘तिसरी घागर’वाले! आपण त्यांच्याकडेच होता ना? एकदम बढिया योग आहे.”

‘तिसरी घागर’ हा चित्रपट कथेपासून शेवटच्या संवादापर्यंत यज्ञेश्वरांनी लिहिला होता. पुण्यात भाड्याच्या खोलीत, पाटावर वही ठेवून, अकरा महिने. पडद्यावर अक्षरं आली ती ‘कथा, पटकथा, संवाद : मधुकर दळवी’. “पुढच्या चित्राला तुमचं नाव टाकू,” असं मधुकरराव म्हणाले, आणि पुढच्या चित्राला त्यांनी दुसराच माणूस आणला. आयत्या बिळावर नागोबा! यज्ञेश्वर उज्जैनला परतले. ही हकीकत त्यांनी फ्रीगंजातल्या मंडळींना सांगून पाहिली. मंडळी मान डोलावत आणि पाठ फिरली की हसत. पंधरा वर्षं खरं मानलं ते एकट्या अनसूयाबाईंनी. त्या काळात त्या सासूसासऱ्यांजवळ उज्जैनलाच होत्या, नवऱ्याला एक ओळ लिहितानाही त्यांनी पाहिलं नव्हतं. तरी कुणी त्या चित्रपटाचं नाव काढलं की त्या सांगायच्या, “आमच्या यांनी लिहिलाय तो.”

यज्ञेश्वरांनी मानपत्र दोन दिवस लिहिलं. स्तुती त्यांनी चार ओळींत आटोपली. खरं वाक्य एकच होतं आणि ते त्यांनी अकरा वेळा बदललं : “‘तिसरी घागर’ हा चित्रपट यांनी लिहिला, पडद्यावर नाव माझं आहे, लेखणी यांची होती.” जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडी घालायची वाक्यं लिहिली, हे त्यांनी मधुकररावांच्या तोंडासाठी लिहिलं होतं. भरल्या सभेत तो मनुष्य ते कसं गिळेल? कागद त्यांनी अनसूयाबाईंना मात्र दाखवला नाही. तिथेच ऐकू दे, असं त्यांना वाटलं.

टावर चौकाजवळच्या हॉलमध्ये माणसं बरी जमली होती. अनसूयाबाई पहिल्या रांगेत होत्या, शेजारच्या सुनंदाबाईंना सोबत घेऊन. शाल पांघरून झाली, हार झाला, नारळ हातात आला. मधुकररावांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. आवाज अजून छान होता. यज्ञेश्वर ओठांतल्या ओठांत ओळी म्हणत होते. ते वाक्य आलं.

मधुकररावांनी नुसता श्वास घेतला. “‘तिसरी घागर’ हा चित्रपट मी लिहीत असताना,” ते म्हणाले, “मला यांची फार मदत झाली. मी सांगायचो, हे उतरवून घ्यायचे. काय अक्षर! मोत्याचे दाणे!”

टाळ्या पडल्या. कुठेही ठेच नाही, पुढची ओळ मागच्या ओळीला बेमालूम जुळली. इतक्या सफाईने तर यज्ञेश्वरांनीही कधी काही कापलं नव्हतं. कागदाची घडी घालून मधुकररावांनी तो स्वतःच्या कोटाच्या खिशात टाकला.

“छापील प्रत मागाहून पाठवू,” भय्यासाहेब कानाशी लागले. “आता आपण दोन शब्द बोला. पण जल्दी, सहाला हॉल खाली करायचाय.”

यज्ञेश्वर उठले. समोर दीडशे माणसं होती, सांगायची गोष्ट एका वाक्याची होती, आणि ती पंधरा वर्षं पाठ होती. भित्रा माणूस! सगळ्यांना बोलायला शिकवलं, स्वतःला नाही.

“आभारी आहे,” ते म्हणाले आणि खाली बसले. पुन्हा टाळ्या झाल्या.

परतताना सुनंदाबाई काहीतरी निमित्त सांगून मागेच राहिल्या. टांगा देवास गेटच्या दिशेने निघाला. दुकानांतून दिवाळीच्या पणत्या मांडलेल्या होत्या. अनसूयाबाई मांडीवर नारळ धरून बसल्या होत्या. गेट जवळ आल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अहो, रागवू नका. विचारते फक्त. ते... तुम्हीच लिहिलं होतं ना?”

पंधरा वर्षांत त्यांनी हे कधीही विचारलं नव्हतं.

यज्ञेश्वर घोड्याच्या पाठीकडे बघत राहिले.

“अक्षर माझं होतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी अंगावरची शाल काढून बायकोच्या हातात दिली. अनसूयाबाईंनी शालीची नीट घडी केली आणि ती नारळाखाली ठेवली.