गाठी राखणारी टाकी

मी टाकी बोलतेय. नाक मुरडू नका, पाण्याची नाही. गच्चीवर ऊन खात बसणाऱ्या, पोटात शेवाळ वाढवणाऱ्या त्या टाक्यांशी माझं नातं जोडलंत तर बोलणं इथंच थांबवेन. मी कंबरेएवढी उंच, ॲल्युमिनियमची, अरुंद गळ्याची. माझं झाकण उचलायला शिकलेसवरलेले लोक जाड हातमोजे घालून, तोंडावर काच लावून येतात आणि तरी घाबरतातच.

घाबरायलाच हवं. माझ्या पोटात इतकी थंडी असते की बोट बुडवलंत तर ते परत मिळायचं नाही. हवेतलाच एक वायू, नायट्रोजन, गार करत करत पाण्यासारखा पातळ केलेला. झाकण काढलं की पांढरी वाफ माझ्या गळ्यावरून ओघळते आणि जमिनीवर सरपटत जाते. त्या थंडीत बुडवलेल्या असतात कुप्या, करंगळीच्या पेरापेक्षा जरा मोठ्या. प्रत्येक कुपीत एका लहान मुलाच्या गाठीचा कण. कुणाच्या मेंदूतली, कुणाच्या मज्जातंतूंतली. तो कण मेलेला नसतो, जगतही नसतो. तो थांबलेला असतो. थांबवून धरणारी मी.

मला कारखान्यात घडवलं तेव्हा एका भांड्यात दुसरं भांडं बसवलं आणि दोन्हींच्या मधली हवा शोषून काढली. म्हणजे माझ्या दोन भिंतींच्या मधे काहीच नाही. त्या काहीच-नाहीच्या जिवावर मी आतली थंडी आत आणि बाहेरची ऊब बाहेर ठेवते. शेवटचा जोड लावताना कारागीर म्हणाला, "बाई गं, आता आत हवा शिरू देऊ नकोस." हवा नाही शिरली, पण भीती शिरली. ती जन्मापासून माझ्यात आहे.

मग मी आले माझ्या डॉक्टरणीकडे. तेव्हा ती तरणीताठी होती. मुलांच्या वॉर्डाच्या वरच्या मजल्यावर, मोडक्या खुर्च्या कोंबलेली एक खोली तिनं भांडून मिळवली होती. त्यात एक सूक्ष्मदर्शक, पेशी वाढवायचं एक उबेचं कपाट आणि मी. त्याआधी, ती नुसती डॉक्टर होती तेव्हा तिच्या वॉर्डात एक मुलगा आला होता. घरचे त्याला डुलक्या म्हणायचे. चालताना डुलायचा, भिंतीवर आपटायचा, आणि सगळे हसायचे. सकाळी उलटी झाली की शाळा चुकवायचं नाटक म्हणायचे. हिनं त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि लगेच मेंदूचा फोटो काढायला पाठवलं. मेंदूच्या मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती. ती काढली. मुलगा तरी गेलाच.

त्याची आई सामान न्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, "ती गाठ कुठं गेली हो?"

"थोडी तपासणीला पाठवली. बाकीची टाकून देतात."

"टाकून देतात? जिनं माझ्या लेकाला खाल्लं, तिला नुसती टाकून देता? विचारलंत तरी का तिला काही?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच डॉक्टरणीचा जन्म गेला. सकाळी वॉर्ड, दुपारी माझी खोली. वॉर्डातले तिला 'उंदीरवाली' म्हणायचे, प्रयोगशाळेतले 'सुईवाली'. तिची आई फोनवर करवादायची, "धड डॉक्टर नाहीस, धड मास्तरीण नाहीस. लोकांना सांगू तरी काय?"

"सांग, गाठींची चौकशी करते."

"अगंबाई! पोलिसात गेलीस म्हणतील."

ती हसायची. पण मी जवळून पाहिलंय, हसताना तिचा हात माझं झाकण चाचपत असायचा. एकेक कुपी ठेवताना ती पुटपुटायची, "सांभाळ गं." तिला प्रत्येक मुलाची भीती वाटायची. बरं झालेल्याची जास्त. कारण ही गाठ जाते तेव्हा गेलीच असं नसतं. म्हणून एका मुलाच्या कुप्या ती कधीच एका डब्यात ठेवायची नाही. एक वरच्या डब्यात, एक अगदी तळाला.

मी शाळेत गेले नाही, पण तिच्या विद्यार्थ्यांबरोबर उभ्या उभ्या सगळं शिकले. ती त्यांना सांगायची, "रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. मूल मान वाकडी धरतं, घरचे म्हणतात सवय लागली. मान रोज थोडी जास्त वाकते, आणि घरचे रोज थोडे जास्त सरावतात. तुम्ही सरावू नका."

मग आली टकळी. बस चालवणाऱ्याची मुलगी, चार वर्षांची, तोंडाला क्षणाची उसंत नाही. तिला भूल देणारा डॉक्टर म्हणाला होता, "हिला झोपवलं तरी ही बोलत राहील." तिच्या पोटात, पाठीच्या कण्याला खेटून, मज्जातंतूंची गाठ होती. जमेल तेवढी काढली, उरलेली औषधांनी विरघळवली. केस गेले, केस परत आले. तिच्या दोन कुप्या माझ्यात आल्या. तिच्या बापाला डॉक्टरणीनं सांगितलं, "इथं आहे. सुरक्षित आहे. पुन्हा लागलीच, देव करो आणि न लागो, तर इथं सापडेल."

हे सगळं ठीक चाललं होतं, आणि मला आतून काहीतरी होऊ लागलं.

माझ्या गळ्याजवळच्या जोडातून हवा शिरत होती. केसाएवढीसुद्धा फट नव्हती, पण शिरत होती. मला कळत होतं. बाहेरची ऊब माझ्या पोटापर्यंत पोचायला लागली. पोटातली थंडी वाफ होऊन उडायला लागली. बाहेरची कातडी गार पडून मी अंगभर पाझरायला लागले. माणसाला दुखलं तर तो ओरडतो. मला ना घंटा, ना दिवा, ना आवाज. मला फक्त घाम फुटायचा.

तिच्या हाताखाली एक चष्मेवाली शिकत होती, गुणी पोर. ती म्हणाली, "मॅडम, टाकी लवकर रिकामी होतेय."

डॉक्टरीण वॉर्डातून धावत आली होती, पुन्हा धावत जायची होती. "उन्हाळा आहे. आठवड्यातून दोनदा भर."

नंतर तीनदा भरू लागले. नंतर एक दिवसाआड. फरशी ओली होऊन कुणी घसरलं म्हणून कुणीतरी माझ्या पायाशी फडकं टाकलं. ओलं झालं की बदलायचे. माझं दुखणं पुसून घेण्याचा त्यांनी शिरस्ताच पाडला! मी त्या बाईच्या डोळ्यांसमोर बुडत होते आणि ती रोज माझ्या शेजारून जात होती. मला तिची दया येत होती आणि संतापही. आणि भीती तर अशी, की वरच्या डब्यातल्या कुप्या कुरकुरायला लागल्या तरी मी काही करू शकत नव्हते.

अशातच टकळी परत आली. आता सात वर्षांची.

वॉर्डात बोलायला जागा नव्हती म्हणून डॉक्टरणीनं तिघांना वर माझ्या खोलीत आणलं. बाहेर रणरणतं ऊन. बाप बसच्या गणवेशातच. आईनं पर्स छातीशी घट्ट धरलेली.

"आजार परत आलाय," डॉक्टरीण म्हणाली. "आधीची औषधं आता तिथं चालत नाहीत. आणि गाठ अशा जागी आहे की नवीन तुकडा काढायला गेलो तर तिचे पाय जातील. पण तिच्या जुन्या गाठीच्या पेशी माझ्याकडे जिवंत आहेत. त्या वाढवते. त्यांच्यावर एकेक औषध घालून बघते. ज्यानं त्या मरतील, ते हिला देऊ."

"म्हणजे आशा आहे?" बापानं विचारलं.

"त्या कुप्या आहेत तोवर आहे."

मी ऐकत होते. मला हाका मारायच्या होत्या.

टकळीला या बोलण्यात काडीचा रस नव्हता. ती खाली बसली, मला टेकली, आणि गाल लावला. "आई! ये ना, गाल लाव. कसली मस्त गार आहे ही! डॉक्टरमावशी, तुमच्या टाकीला घाम आलाय."

डॉक्टरीण बोलता बोलता थांबली. तिनं माझ्या अंगावर तळवा ठेवला आणि तो तसाच राहिला.

"हे फडकं कुणी टाकलं?"

"ते कधीचंच आहे, मॅडम," चष्मेवाली म्हणाली. "फरशी ओली होते ना."

"कधीपासून?"

डॉक्टरणीनं झाकण उचललं, मापायची काठी तळाला टेकवून बाहेर काढली. काठीवर बर्फ धरला तो जेमतेम टोकाला, चार बोटं. पोटात थंडी तेवढीच उरली होती.

खालच्या मजल्यावर, वॉर्डाच्या पलीकडे, मिशीवाल्या सरांचा विभाग होता, तिथंही माझ्यासारखी एक टाकी. त्यांच्याशी हिचं वर्षानुवर्षं वाकडं. तिनं त्यांनाच फोन लावला. "सर, तुमची टाकी हवीय. आत्ता."

"विनंती करताय की दम देताय?"

"दोन्ही."

सर स्वतः ढकलगाडी घेऊन वर आले. माझ्याकडे पाहिलं आणि टोमणा गिळला. दोघांनी मिळून डबे हलवले.

मग ती बाहेर बाकावर बसलेल्या आईबापांसमोर उभी राहिली. दार उघडं होतं.

"टाकी बिघडली होती. वरची कुपी गेली असणार. तळाची माहीत नाही."

"तुम्ही म्हणाला होतात सुरक्षित आहे," बाप म्हणाला.

"म्हणाले होते. रोज हिच्यासमोरून जात होते मी. बघितलं नाही."

बाप ताडकन उठला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, भिंतीवर मूठ आपटली. आई जागची हलली नाही. ती म्हणाली, "ते राहू द्या. तळाची बघा आधी."

वरची कुपी वितळवली. सगळ्या पेशी फुटलेल्या. तळाची वितळवली. सूक्ष्मदर्शकाखाली कचराच कचरा, आणि मधे चार-पाच गोल ठिपके, मेलेले की दमलेले ते कळेना. डॉक्टरणीनं त्यांची ताटली उबेच्या कपाटात ठेवली. कपाटाचं दार असं लावलं, जणू आत कुणी झोपलंय.

मला रिकामं करून दाराशी उभं केलं, गळ्यात 'निकामी' अशी चिठ्ठी. इथं आल्यापासून पहिल्यांदा माझं पोट कोमट झालं. लोकांना ऊब आवडते म्हणे. मला ती मरणासारखी लागली.

रोज सकाळी ती वॉर्डाआधी वर यायची, ताटली बघायची, परत ठेवायची. ठिपके तळाला चिकटले. पण नुसतं चिकटून काय होतंय? वाढायला हवेत. चष्मेवाली हळूच विचारायची, "खाली कशी आहे?" डॉक्टरीण सांगायची, "पाय दुखतात म्हणते. आज फार बोलली नाही." टकळी बोलली नाही!

भंगारवाले मला न्यायला आले त्याच सकाळी चष्मेवाली ताटली बघत होती. दोन माणसांनी मला कलती केली, आणि ती किंचाळली, "मॅडम! एकाचे दोन झालेत!"

डॉक्टरीण धावली. डोळा लावला आणि किती वेळ काढलाच नाही. मग खाली फरशीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. जिला मारण्यासाठी तिनं आयुष्य घातलं, ती गाठ जिवंत आहे म्हणून रडली! असली विचित्र गोष्ट मी पाहिली नव्हती. भंगारवाले बिचारे माझं ओझं तोलत तसेच उभे.

मग तिनं पदरानं नाक पुसलं. "ऊठ. ताटल्या मांड, औषधं काढ. तिच्या पोटातही एकाचे दोन होतायत, ते आपल्यासाठी थांबणार नाहीत."

मला तिथून नेलं. जिन्यावरून उतरताना मी घाबरलेलीच होते, अजून आहे. आता मी एका शेडमधे पडलेय, बाजूला गंजके पंखे आणि एक फुटका बाथटब. माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरात, कामाच्या जागी जे रोज थोडं थोडं जास्त मागतंय, त्याच्या पायाशी फडकं टाकून मोकळे होऊ नका. वाकून बघा.

आणि त्या इस्पितळाकडे कुणी गेलात, तर वरच्या मजल्यावर विचारा आणि मला येऊन सांगा. ताटलीतली गाठ आणि टकळीच्या पोटातली गाठ, दोघी एकाच वेळी पळत होत्या. आमची बाई औषध घेऊन आधी पोचली का?