ऱ्हस्व की दीर्घ

लॅटिनच्या पदवीसाठी विभागाच्या तीन अटी होत्या: आठ पेपर, एक प्रबंध आणि आधी न पाहिलेल्या उताऱ्याचं भाषांतर. पहिल्या दोन अटी एका नर्सबाईंनी वॉर्डातली ड्यूटी सांभाळून पुऱ्या केल्या. तिसरीत साठ गुण लागत, त्यांना पडले अठ्ठावन्न. पदवी मिळाली तर एका शाळेत लॅटिन शिकवायची जागा त्यांची होती. नाहीतर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती.

पेपर तपासला होता दीर्घसरांनी, आणि निकालाच्या चार दिवस आधी तो बाईंना पाहायला मिळाला होता. हे नाव पोरांनीच पाडलेलं. वर्गात कुणी वाचायला लागलं की सर मध्येच ओरडत, "दीर्घ! दीर्घ आहे ते!"

निकाल लागायच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता सरांनी त्या उताऱ्यातली एक ओळ सहज गुणगुणली आणि कप तसाच खाली ठेवला. ओक्किदित म्हणजे मेला, ओक्कीदित म्हणजे मारलं. छापील लॅटिनात दोन्ही सारखेच दिसतात. कवितेत काय ते वृत्तच सांगतं. बाईंनी 'मेला' लिहिलं होतं. सरांनी त्यावर लाल रेघ ओढून 'मारलं' लिहिलं आणि दोन गुण कापले. वृत्तात मात्र ऱ्हस्व होतं. बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं, तरी ऱ्हस्वच.

"चेहरा का पडला?" बायकोनं विचारलं.

"एकाला उगाच मारलं मी."

"तुम्ही? तुमच्यानं कधी झुरळ मेलं नाही!"

सर तडक ऑफिसात गेले. कारकुनानं फॉर्म पुढे सरकवला. "गुण का वाढवले, ते लिहा."

"माझी चूक झाली. शब्द वाचण्यात..."

"अहो सर, कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेता? सगळे 'बेरीज चुकली' लिहितात. बेरीज काय, कुणाचीही चुकते."

तीस वर्षांचं 'दीर्घ, दीर्घ' सरांच्या कानांत वाजलं. त्यांनी 'बेरीज चुकली' लिहिलं.

दुपारी बाई युनिफॉर्मवरच आल्या. "जागा मिळाली, सर! तुम्ही पुन्हा बेरीज केलीत, केवढे उपकार."

सर टेबलावरचे कागद उगाच नीट करत राहिले.

"पण ते ओक्कीदित माझ्या डोक्यात काही बसत नव्हतं. वृत्त अडखळतंय असंच वाटायचं. मग म्हटलं, सरांनी लाल पेनानं लिहिलंय म्हणजे दीर्घच. चार दिवस घोकलंय. आता मुलांना तसंच शिकवीन."

म्हणजे ती चूक आता दर वर्षी एका नव्या वर्गाच्या तोंडी बसणार होती.

"बसा, बाई," सर म्हणाले. "बेरीज बरोबर होती. ते ऱ्हस्व आहे. चुकलो मी."

बाईंनी ती ओळ बोटांवर मोजून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे तो मेलाच होता?"

"मेला होता. मारलं मी."

सर उठले, लाल पेन खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि कारकुनाच्या खिडकीशी गेले.

"आता काय राहिलं, सर?"

"तो फॉर्म दे परत. कारण बदलायचंय."