फिर्यादीची ओंजळ

गुरुवारी दुपारी भागूबाईनं खुंटीवरचं जाळं ओढलं, तर अर्धं तिच्या हातात आलं आणि अर्धं खुंटीलाच लोंबत राहिलं. जाळं काही जुनं नव्हतं. मागच्या दिवाळीत नवरा-बायकोनं बसून विणलेलं. तिनं सूत चिमटीत धरून चोळलं. त्याचा भुगा झाला.

गेनू ओट्यावर बसून नखं काढत होता. उद्या शुक्रवारी सकाळी त्याला आसरांच्या डोहाचं पाणी पिऊन दिव्य करायचं होतं. दिव्याला उभं राहणाऱ्यानं नखं काढून, आदला दिवस उपाशी राहून, कोऱ्या धोतरात यायचं, अशी वाडीची रीत.

"अवो, हे बघा," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही. "ठाव हाय मला."

"मंग तेच पानी पिनार उद्या?"

"न पिऊन कुठं जाऊ?"

तिनं खुंटीला उरलेलं जाळंही ओढून काढलं.

करंजवाडी पवनेच्या काठी, चिंचवड स्टेशनापासून दीड कोसावर. वाडीत भोयाचं घर एकच. वाडीखालच्या डोहात साती आसरा, पाण्यातल्या सात देवी, राहतात, म्हणून तिथला मासा कुणी धरत नाही, भोईसुद्धा नाही. गेनू खडकाच्या पलीकडं, खालच्या अंगाला जाळं टाकायचा. आणि या वैशाखात एका सकाळी डोहातले सगळे मासे पोट वर करून तरंगले. हात-हात लांब मरळ, मनगटाएवढी वाम. बायका ज्यांना लाह्या टाकायच्या ते सगळे. अख्खी वाडी काठावर उभी होती. आसरा कोपल्या की पोरं ओढून नेतात. त्या दिवसापासून आया लेकरांना नदीकडं फिरकू देईनात.

मग गुन्हेगार शोधायला लागले. हिंगणाची फळं कुटून पाण्यात टाकली की मासा गुंगतो आणि वर येतो, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत. गेनू ओढ्यात हिंगण टाकायचा, हेही माहीत. एवढ्यावर निकाल लागला. हिंगणानं गुंगलेला मासा घटकाभरात पुन्हा पोहायला लागतो, त्याचे कल्ले भाजल्यासारखे पांढरे पडत नाहीत, हे फक्त भोयाला माहीत होतं. आणि भोयाला विचारतो कोण?

डोहाच्या वर अर्ध्या कोसावर मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला पत्र्याचा कारखाना आला होता. तिथं लोखंडी पत्रे तेजाबाच्या हौदात बुडवून साफ करत, त्यावर जस्त चढवत आणि बादल्या-घमेली करत. वापरून खराब झालेलं तेजाब दर गुरुवारी संध्याकाळी नाल्यात सोडत. नाला नदीला मिळतो. पावसाळ्यात नदी ते वाहून न्यायची. वैशाखात नदीला धारच उरत नाही, नाल्याचंच पाणी डोहात येऊन बसतं. वाडीला हे कळत नव्हतं असं कुणी सांगू नये. वाडीची बावीस पोरं तिथं कामाला होती आणि बबनराव पाटलाच्या दोन लॉऱ्या तिथला माल स्टेशनावर टाकत होत्या, म्हणून नाल्याचा वास कुणाच्या नाकाला येत नव्हता. मासे मेल्यावर पहिल्यांदा हिंगणाचं नाव काढलं ते पाटलानंच. भोयाचं घर हाताशी असताना कारखान्याकडं बोट कोण दाखवतो?

पण फिर्याद पाटलाची नव्हती. ती होती हिंदुरावतात्यांची. आसरांना रोज दिवा लावणारा, सत्तरीला टेकलेला, खोटं न बोलणारा माणूस. म्हणून तर ती फिर्याद जड होती. दिव्यात आधी फिर्यादीनं डोहाचं पाणी तीन ओंजळी प्यायचं, मग आरोपीनं. ज्याच्या पोटात ते ठरणार नाही तो खोटा. आरोपी खोटा ठरला की त्याचं घर वाळीत. त्याला विस्तव नाही, आडाचं पाणी नाही, मेल्यावर खांदा नाही. आणि जो प्यायलाच नाही, तो न पिताच खोटा.

तात्यांचं अंग तालमीतलं. गेनूला वर्षभर पोटशूळ, मिरची खाल्ली तरी गडाबडा लोळायचा. उद्या कोण पडणार हे भागूबाईला आजच दिसत होतं.

उन्हं कलताना ती नाल्यावर गेली. बरकत कल्हईवाला तिथं बिडी ओढत बसला होता. वाडीची तांब्या-पितळेची भांडी आधी त्याच्या बापानं आणि मग त्यानं कल्हई केलेली. आता तो कारखान्यात हौदावर होता. बोटं पिवळी पडली होती.

"बरकतभाऊ, आज हौद सोडू नका."

"मी कोण सोडणारा, वहिनी? साहेब घड्याळ बघतो, मी चावी फिरवतो."

"उद्या आमचे मालक ते पानी पिनार हायेत."

बिडी विझली होती तरी बरकत ओढत राहिला. "किती?"

"तीन ओंजळी."

"तौबा," तो हळूच म्हणाला. "कल्हई करताना थेंब बोटावर पडला तर आमी पळत जाऊन चुन्याच्या निवळीत हात घालतो. गेनूला सांग, तोंडात धर नि गुपचूप थुंकून टाक."

"समद्या गावाच्या डोळ्यांदेखत?"

"मग काय सांगू? साहेबाला बोललो होतो मागं. म्हणाला, नदी तुझ्या बापाची हाय का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, मग नोकरी तरी सांभाळ." तो हसला, पण ते हसणं नव्हतं. "चार लेकरं हायेत, वहिनी."

भोंगा झाला. बरकत उठला आणि मागं न बघता आत गेला. थोड्या वेळानं नाल्यात पाणी आलं. पिवळट, फेसाळ, त्यावर वाफेचा पातळ पडदा. काठावरची हरळी आधीच जळून तांबडी झाली होती. भागूबाईच्या घशात खवखव सुटली. ती त्या पाण्याबरोबर चालत निघाली, आणि पाणी तिच्या पुढं गेलं.

दिवेलागणीला ती हिंदुरावतात्यांच्या दारात उभी राहिली. तेही उपाशी होते. भिंतीला टेकून बसले होते.

"काय गं?"

"तात्या, उद्या पिऊ नगा. तुमी बी नगा आनि आमचे बी नगा. नाल्यानं तेजाब आलंय, आत्ता बघून आले."

"आसरांचं पानी बाटत न्हाई."

"एकदा वास तर घ्या."

"भोयाच्या बायकोनं मला देवाचं पानी शिकवायचं?" त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून ती जास्तच भ्याली. "नवरा खरा असला तर त्याला कशाची भीती? बाधलं तर मला बाधंल."

"मला तुमची बी भीती वाटती, तात्या."

तात्यांनी भिंतीचा टेका सोडला. "घरी जा," ते म्हणाले. "आनि त्याला काही खाऊ घालू नगंस. रीत मोडंल."

शुक्रवारी सकाळी अख्खी वाडी काठावर होती. गुरवानं सात धोंड्यांना हळदीकुंकू लावलं. हवा पडलेली होती. डोहाचं पाणी इतकं निवळ दिसत होतं की तळातले गोटे मोजावेत. त्यात बेडूक नव्हता, पाणकिडा नव्हता. वर पाखरूसुद्धा उतरत नव्हतं. बायकांनी तोंडावर पदर धरले होते आणि कुणी का धरलाय असं विचारत नव्हतं.

कोऱ्या धोतरात गेनू काडीसारखा दिसत होता. तो भागूबाईकडं बघत नव्हता.

"चला तात्या, ऊन व्हायच्या आत उरकू," बबनराव पाटील म्हणाला. तो काठापासून चांगला वीस पावलं लांब, आंब्याखाली उभा होता.

तात्या गुडघाभर पाण्यात उतरले. पायाला लागलं असावं, कारण एक पाऊल त्यांनी मागं घेतलं आणि परत टाकलं. ओंजळ भरली. नाकापाशी आली तशी त्यांची नजर वळून गर्दीत भागूबाईला शोधून गेली. या माणसाला आता कळलंय, हे तिला कळलं. आता ते ओंजळ सोडतील, असं तिला वाटलं. पण काठावर दोनशे माणसं होती, आणि फिर्याद त्यांच्या तोंडून गेलेली होती.

ते प्यायले.

मानेच्या शिरा टरारल्या. दुसरी ओंजळ भरताना निम्मं सांडलं. तीही प्यायले. तिसरी तोंडाला लागली आणि सगळं उलटून आलं. पाण्यातच गुडघ्यांवर बसून ते ओकायला लागले. फेस होता, त्यात रक्ताचे धागे होते.

कुणी हललं नाही. मग पाटलाचा आवाज आला, घाईघाईचा.

"झालं. आसरांनी कौल दिला. गेनू सुटला. तात्यांस्नी उचला नि चला घरला समदी."

गेनू होता तिथंच मटकन खाली बसला. तो जिवंत होता. त्याला आता प्यायचं नव्हतं. भागूबाईला एवढंच हवं होतं आणि ते तिला मिळालं होतं. समोर म्हातारा रक्त ओकत होता आणि हिच्या छातीतून आनंद उसळत होता. त्या आनंदाची तिला किळस आली.

तात्यांचा मुलगा ज्योतीराम पाण्यात धावला. तात्यांनी त्याला कोपरानं ढकललं.

"थांब." आवाज गेलाच होता, नुसती घरघर. "गेन्या, हिंगन असं करतं?"

"न्हाई तात्या. हिंगन नुसतं कडू लागतं."

"मंग ह्ये काय हाय?"

गेनूनं पाटलाकडं बघितलं. नुकताच सुटलेला माणूस. एक शब्द बोलला असता तर पुन्हा अडकला असता.

"तेजाब हाय," भागूबाई म्हणाली. आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "पत्र्याच्या कारखान्याचं. काल सांजच्याला सोडलंय. म्या तात्यांस्नी सांगितलं व्हतं."

"ए भागे," पाटील म्हणाला, "सुटला न्हवं तुझा नवरा? मंग गप घरी जा."

"बबन्या," तात्या म्हणाले, आणि त्यांना पुन्हा उमासा आला. तोंड पुसून ते म्हणाले, "माझी फिर्याद मी मागं घेत न्हाई. आरोपी बदलतो."

"कंपनीला काय डोहात उभी करताय का, तात्या?" पाटील म्हणाला. दोघं-तिघं हसले. लगेच गप्प झाले.

"करतो न्हाईतर काय. लेकरं आंघोळीला आनायची हितं. गुरं पाजायची." तात्यांनी हात वर केला, कारखान्याकडं. "ज्योत्या, फावडी आन. नाला बुजवा."

वाडी आसरांना भ्यायली, पाटलाला भ्यायली, पण देवाचं पाणी पिऊन रक्त ओकलेल्या माणसाच्या तोंडचा हुकूम मोडायला त्याहून जास्त भ्यायली. तासाभरात कारखान्याजवळ नाल्याच्या तोंडाशी तीस-चाळीस माणसं होती. पुरुष माती खणत होते, बायका पाट्या वाहत होत्या. तात्यांना बाभळीखाली घोंगडीवर निजवलं होतं. श्वास घेताना त्यांच्या घशातून शीळ वाजत होती आणि ती सगळ्यांना ऐकू येत होती.

बांध कमरेएवढा झाला तेव्हा कारखान्याचं दार उघडलं. साहेब बाहेर आला, त्याच्यामागं काठ्या घेतलेले चार पहारेकरी आणि वही घेतलेला एक कारकून. साहेब ओरडला नाही. तो कारकुनाला इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि सावलीत जाऊन उभा राहिला. बाजूला पाटील होता. तो लॉरीनं आधीच पोचला होता.

"नावं लिवून घेनार हायेत," पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ज्याचं नाव वहीत, त्याच्या घरचा पोरगा उद्यापासून कामावर न्हाई. आनि तळेगावाहून पोलिसांची गाडी निघालीय. ज्याला घरी जायचंय त्यानं आत्ता जावं. कुनी काही म्हननार न्हाई."

फावड्यांचा आवाज थांबला. माणसं एकमेकांकडं बघेनात. दोघं जण फावडं खांद्यावर टाकून, लघवीला चालल्यासारखे बाभळींच्या आड गेले आणि परत आले नाहीत. दरवाजाच्या जाळीआड वाडीची पोरं उभी होती, खाकी कपड्यातली, आपापल्या बापांकडं बघत. त्यांच्यामागं बरकत होता.

कारकून बांधाच्या या टोकाला आला. या टोकाला गेनू होता.

"नाव?"

गेनूच्या ओठांवर जीभ फिरली. गाव परत फिरलं तर उद्या पुन्हा भोयाचं एकच घर उरणार, हे त्याच्या डोळ्यांत लख्ख होतं. भागूबाईला ते दिसलं, कारण तिच्याही डोळ्यांपुढं तेच होतं. विस्तव नाही, आडाचं पाणी नाही.

"नाव सांग रे."

"भागूबाई," ती पुढं होऊन म्हणाली.

"नवऱ्याचं?"

बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सोळा वर्षांत ते तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मागं बायका होत्या, त्यांच्यात गावनात्यानं तिच्या सासू लागणाऱ्या दोन म्हाताऱ्या होत्या.

"गेनू," ती म्हणाली. "गेनू सखाराम भोई. हे काय, हितंच उभे हायेत. त्यांचं बी लिवा."

कारकुनानं लिहिलं. फौंटनपेनची कुरकुर तिला ऐकू आली. तिनं मातीनं भरलेली पाटी उचलून पोटाशी धरली. शेजारी गेनू खाली वाकला आणि फावडं मारायला लागला, एकटाच.

बांधामागं पाणी चढत होतं. ओली माती कडेनं विरघळून पिवळी होत होती.

"पुढचा. नाव?"

पुढं ज्योतीराम होता. त्याचा थोरला पोरगा जाळीआड उभा होता, आणि बाप बाभळीखाली शीळ घालत श्वास घेत होता. ज्योतीरामानं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं.

"लिव, ज्योतीराम हिंदुराव," तो म्हणाला आणि गेनूच्या शेजारी फावडं मारायला लागला.