सव्वा अकराचा लाल दिवा

माझे मामा लाइनमन म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्ती त्यांना लागू पडली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं. टेकडीमागच्या घरात एकटेच राहतात. तिथे मोबाईल चालत नाही. गेल्या वर्षी पाय घसरून पडले आणि दूधवाला येईपर्यंत, म्हणजे अख्खा दिवस, फरशीवर पडून होते. आमच्याकडे राहायला या म्हटलं, तर म्हणाले, "तुमचा टीव्ही फार मोठ्याने लागतो." मग मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असल्यामुळे जे हाताशी होतं ते केलं.

डिजिटल लाइनची एक डबी त्यांच्या भिंतीवर असते. तिला घरची वीज लागत नाही. फोनच्याच दोन तारांवरून आम्ही इथून ती पुरवतो. तार सुटली की वीज थांबते आणि एक्स्चेंजमध्ये माझ्यासमोरच्या भिंतीवर लाल दिवा लागतो. मी ती डबी फरशीपासून वीतभर उंचीवर आणून बसवली. पडलात तर तार ओढा, तासाभरात पोचतो, असं ठरलं. स्क्रीनवर त्यांच्या लाइनपुढे, एकेचाळीस नंबरपुढे, भरलं: वीज चालू, तार सुटल्यावर थांबायचं शून्य सेकंद, अलार्म गंभीर. बाकीच्या गिऱ्हाइकांना दहा मिनिटं आणि 'किरकोळ'. सख्ख्या मामासाठी एवढा पक्षपात चालतो.

पण तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवतील तर ते मामा कसले. रोज सव्वा अकराला ते तार काढत, दोन मिनिटांनी परत लावत, मग मी फोन करून सांगायचं, "दिवा लागला." त्यावर ते "लागायलाच हवा" म्हणून फोन ठेवत. ख्यालीखुशाली वगैरे नाही.

महिन्याला एका लाइनचे तीस गंभीर अलार्म म्हटल्यावर साहेबांनी मला बोलावलं.

"एकेचाळीसला काय रोग झालाय?"

"ओलावा आहे, साहेब."

"भर उन्हाळ्यात?"

"जुना आहे."

साहेबांनी तेवढ्यावर सोडलं, पण मुख्य कचेरीतून तपासणीचे साहेब मंगळवारी येणार ठरलं तेव्हा बजावलं, "त्या दिवशी भिंतीवर एकही लाल दिवा नको." आता मामांना सांगता आलं असतं की एक दिवस तार काढू नका. पण त्यांनी विचारलं असतं, "आणि नेमका त्याच दिवशी पडलो तर?" म्हणून मी तो प्रश्नच टाळला. मंगळवारी दहा वाजता एकेचाळीसपुढे 'कळवू नये' भरलं. तपासणीचे साहेब जेवायला गेले की पूर्ववत करणार होतो. ते जेवायला गेले, आम्हालाही घेऊन गेले, आणि परतल्यावर पाचपर्यंत बसले. मग मी घरी गेलो.

गुरुवारी दुपारी शाबासकीचं पत्र आलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. "एकेचाळीसचा ओलावा सुकला वाटतं. दोन दिवस चूं नाही केली."

माझी पाचावर धारण बसली. स्क्रीन उघडली. एकेचाळीस: लाइनवर वीज शून्य. कधीपासून: मंगळवार, अकरा अठ्ठावीस.

दिवा लागला नाही म्हणून मी फोन केला नव्हता. खरं सांगायचं तर दोन दिवस मला मामांची आठवणही झाली नव्हती. टेकडीच्या रस्त्याला स्कूटर जेवढी पळते तेवढी पळवली. त्या फरशीवर काय पाहावं लागेल, एवढंच डोक्यात होतं.

दार उघडंच होतं. मामा डबीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मामा, तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

"मग तार का काढून ठेवलीत?"

"परवा रोजच्यासारखी काढली, लावली. दहा मिनिटं वाट पाहिली. तुझा फोन आला नाही. म्हटलं, आता काढूनच ठेवू, बघू या."

"मला फोन करून विचारायचं."

"विचारलं असतं तर विसरलो म्हणाला असतास."

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तपासणी होती, अलार्म मीच बंद केला, आणि चालू करायला विसरलो. चांगली खरडपट्टी निघेल असं वाटलं होतं. निघाली असती तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली आणि बारीक अक्षरात लिहिताना तोंडाने म्हणाले, "दोन दिवस, चार तास, बारा मिनिटं."

मग भिंतीला धरत ते स्वयंपाकघरात गेले, पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या आणल्या आणि डबीखाली फरशीवर, हात पोचेल अशा ठेवल्या.

"हे कशाला?"

"तू तासाभरात येतो म्हणाला होतास. त्यामुळे कधी ठेवलं नव्हतं."

"मामा, परत असं होणार नाही."

"होऊ नये," मामा म्हणाले आणि तिसरी बाटली भरायला गेले.