एकसष्ट टक्के रत्नदीप

पोलीस ठाण्यातल्या पडद्यावर दिसणाऱ्या गर्दीत एक तरुण दगड भिरकावत होता. रत्नदीप त्याच्याकडे इतका वेळ पाहत राहिला, की अखेर त्यालाच वाटू लागले, हा आपणच असू.

दिवा उपनगरात आठ दिवस नळ कोरडे होते, म्हणून परवा बायकांनी प्रभाग कार्यालयावर हंडा मोर्चा नेला. कुणीतरी काच फोडली. पोलिसांच्या यंत्राने गर्दीतले चेहरे साठवलेल्या छायाचित्रांशी जुळवले आणि रत्नदीपचे नाव काढले. जुळणी एकसष्ट टक्के. सोमवारी त्याला बँकेत रुजू व्हायचे होते. गुन्ह्यात नाव आले की नोकरी गेलीच. पण तो जन्माचा भिडस्त. हवालदार सूरजने छायाचित्राखाली ‘हा मीच’ असे लिहून कागद पुढे सरकवला, तेव्हा रत्नदीपने निमूटपणे पेन उचलले.

“हा दगड मारणार?” त्याची आई शकू कडाडली. “अहो, झुरळ मारायला मला हाका मारतो हा!”

पलीकडच्या टेबलावरच्या उपनिरीक्षक सुमेधांना हसू आले. त्या उठल्या आणि त्यांनी त्याच्या हातातले पेन काढून घेतले.

“मशीन काय म्हणतं ते कळलं. तू सांग. हा तू आहेस?”

सकाळपासून हे कुणी विचारलेच नव्हते.

“नाही,” तो पुटपुटला. “मी तेव्हा कोपर स्टेशनजवळच्या अभ्यासिकेत होतो. तिथल्या वहीत सही आहे.”

फोन झाला. वहीत येण्याची, जाण्याची, दोन्ही वेळा निघाल्या.

“पण मॅडम, मशीन...”

“अटकेचं कारण लेखी द्यावं लागतं, सूरज. काय लिहू? मशीनला वाटलं? आणि मोर्चातले चेहरे जुळवायला लेखी परवानगी कुणाची घेतलेली?”

सूरजने ‘हा मीच’ लिहिलेला कागद मागे ओढला.

“माझा चेहरा... मशीनमध्येच राहणार?” रत्नदीपने धीर करून विचारले.

“काढून टाका म्हणून अर्ज दे. मी वर पाठवते. आवक क्रमांक घेतल्याशिवाय जाऊ नकोस.”

“माझापण लिही रे,” शकू म्हणाली. “मी तर हंडा घेऊन पुढेच होते. शेजारच्या गंगुबाईचापण लिही.”

बाकावर बसून त्याने आधी आईचा अर्ज लिहिला, मग स्वतःचा लिहू लागला. आभाराचे शब्द ओठांशी येऊन परतत होते. शेवटी अर्जाला मुळीच गरज नसलेली एक ओळ त्याने सहीच्या वर लिहिली: ‘आपण मला विचारलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे.’

सुमेधांनी ती वाचली, शिक्का मारला, आणि गंगुबाईच्या अर्जासाठी कोरा कागद त्याच्यापुढे ठेवला.