नेहमीसारखं जेवण

शिवणाऱ्या बाईच्या मुलीला घरीदारी सगळे ढब्बू म्हणत. तिला चांगलंसं नाव होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीपुरतं. वय सोळा. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या रक्ताचा अहवाल बघून सांगितलं होतं, की हिचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, असंच चाललं तर विशीच्या आत मधुमेह गाठेल. मानेवरचा काळा पट्टा हा मळ नाही, त्याचीच खूण आहे, असंही ते म्हणाले. आईनं मुकाट ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर ती मान पुन्हा एकदा खसाखसा घासली. पाच वर्षांची सवय, एका दिवसात कशी सुटणार?

मग दवाखान्यातच, वरच्या मजल्यावर, अशा मुलांसाठी व्यायामाचा वर्ग निघाला. नऊ मुलं, बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा. एका जागी उभ्या असलेल्या सायकली, रबरी पट्टे, चार खिडक्या आणि घामाचा वास. शिकवणाऱ्या बाईला मुलं सायकलताई म्हणत. तिनं पहिल्याच दिवशी खोलीतला वजनकाटा उचलून बाहेर नेऊन ठेवला.

"इन्सुलिन बिचारं दार ठोठावतंय," ती म्हणाली, "आणि तुमचे स्नायू कानात बोळे घालून बसलेत. त्यांना हलवून जागं करायचं, एवढंच आपलं काम. वजन उतरो न उतरो, तिकडं बघायचंसुद्धा नाही."

पहिल्या दिवशी चार मिनिटांत ढब्बूच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. दहाव्या आठवड्यात ती अर्धा तास सायकल मारत होती, तीही शेजारच्या मुलाशी गप्पा हाणत. दुपारच्या तासाला शाळेत डोळे मिटायचे, ते थांबलं. जेवल्यावर लगेच पुन्हा भूक लागायची, तीही कमी झाली. आणि त्या खोलीत ती आत शिरली म्हणून कुणी बाक सरकवून बसत नव्हतं. बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आणि ज्यांची साखर सगळ्यात सुधारली अशा पाच जणांना पुढं वर्षभर ठेवायचं, असं ठरलेलं होतं. ढब्बूला त्या पाचांत बसायचं होतं. इतक्या मनापासून तिनं आजवर दुसरं काही मागितलं नव्हतं.

आईचा हिशेब वेगळा. तिच्या शिलाई मशीनखाली एक वजनकाटा होता. दर रविवारी सकाळी तो बाहेर यायचा, ढब्बू त्यावर चढायची आणि आई वाकून बघायची. अकरा आठवड्यांत उतरलं किती, तर चारशे ग्रॅम.

"चारशे ग्रॅम तर माझी कात्री भरेल," आई म्हणाली.

"आई, ताई म्हणाल्या चरबी जाते आणि स्नायू वाढतात. काट्याला ते कळत नाही."

"काट्याला नाही कळत आणि तुझ्या ताईला कळतं होय?"

गंमत अशी, की महिन्याभरापूर्वी आईनंच तिच्या दोन पँटी कमरेत दोन-दोन बोटं आत घेतल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, धुऊन धुऊन कापड सैल पडलं असेल. ज्या बाईनं उभा जन्म लोकांच्या कमरा मोजण्यात घालवला, तिनं असं म्हणावं म्हणजे कमाल झाली. पण तिचाही दोष किती म्हणायचा? दुकानात माप द्यायला येणारी प्रत्येक बाई आधी मुलीकडं बघायची आणि मग आईकडं. "मुलीला जरा आवरा हो," हे वाक्य ती टेप गळ्यात अडकवून, तोंडात टाचण्या धरून ऐकायची. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही.

तपासणीच्या आधी दवाखान्यानं एक कागद दिला. ढब्बूनं तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं. फक्त शेवटच्या रात्री आठनंतर काही खायचं नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम साखर झेपत नाही, निकाल खोटा येतो.

आईनं त्यातलं एकच वाक्य उचललं. "एक रात्र उपाशी राहून चांगला निकाल येतो, तर तीन दिवस राहिल्यावर किती चांगला येईल."

"अगं, पण खाली लिहिलंय ना..."

"ते बारीक मुलांसाठी लिहिलंय. ती बिचारी चक्कर येऊन पडतील. तुझ्याकडं साठा आहे."

ढब्बू भांडली असती. पण मग आई म्हणाली, "तू एकटी नाही राहायचंस. मीही राहते तुझ्याबरोबर." आणि खरंच राहिली. तीन दिवस दोघींनी गरम पाणी आणि काकडीच्या चकत्यांवर काढले. दुसऱ्या दिवशी आईच्या हातून एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली गेली आणि दोघी पोट धरून हसल्या. कित्येक वर्षांत आई तिच्याशी अशी हसली नव्हती. त्या हसण्यापायी ढब्बूनं कागद विसरल्यासारखं केलं. हे तिचं तिलाही माहीत होतं, म्हणून पुढं तिला आईवर पुरतं रागावताही आलं नाही.

तपासणीच्या सकाळी नर्सनं फॉर्म भरताना विचारलं, "तीन दिवस नेहमीसारखं जेवण?"

"हो तर, पोटभर," आईनं परस्पर उत्तर दिलं. ढब्बू जमिनीकडं बघत राहिली. नर्सनं फॉर्मवर खूण केली. मग काटा. तीन किलो कमी. आईनं मुलीचा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. मग सुई, मग ग्लासभर गोड पाणी, मग दर अर्ध्या तासानं पुन्हा सुई.

दोन दिवसांनी डॉक्टरांच्या खोलीत निकाल लागला. सायकलताई आणि नर्सही भिंतीशी उभ्या होत्या.

"वजन छान उतरलंय," डॉक्टर म्हणाले. आई खुर्चीत ताठ झाली. "पण साखर पहिल्यापेक्षा वर गेलीये. बाकीच्या आठही मुलांची उतरली. काही शरीरांवर व्यायामाचा असर होत नाही, काय करणार. हिला गोळी सुरू करू. वर्गातली जागा दुसऱ्या कुणाला देऊ."

सायकलताई कागदावर वाकली. "असं कसं होईल? हिचा दम तर सगळ्यांत जास्त वाढलाय."

आता बोललं नाही तर संपलंच, हे ढब्बूला कळलं.

"मी तीन दिवस जेवले नव्हते," ती म्हणाली. "काहीच खाल्लं नव्हतं. म्हणून साखर वाढली. पुन्हा तपासा ना."

डॉक्टरांनी फॉर्म उलटून बघितला, मग आईकडं बघितलं. आईचा चेहरा पांढराफटक पडला होता. लेकराला उपाशी ठेवलं म्हणून आता हे सगळे मिळून आपल्याला फैलावर घेणार, एवढंच तिला दिसत होतं.

"अहो डॉक्टर," ती हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "बघा ना हिच्याकडं. ही आणि जेवायची राहील?"

सगळ्यांनी ढब्बूकडं बघितलं. नर्सनं ओठ दाबले, डॉक्टरही हसले. त्यात खवचटपणा नव्हता. लहान मुलानं काही भलतंच सांगितल्यावर मोठी माणसं हसतात तसं ते हसणं होतं. त्यांनी फॉर्म मिटून ठेवला.

सायकलताई हसली नाही. ती जवळ आली, ढब्बूच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाली, "अगं, गोडबिड खाल्लं असशील तर खाल्लं म्हणायचं. मी कधी रागावले असते का तुझ्यावर?"

ढब्बूनं तिच्याकडं बघितलं. मग आईकडं.

"खाल्लं होतं," ती म्हणाली.