जावयाचा अहवाल

आमच्या ह्यांनी आयुष्यभर लोकांना क्लच शिकवला आणि निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी घेतली ती बिनक्लचची, विजेवर चालणारी गाडी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे त्यांना क्लचमास्तरच म्हणायचे. गाडी दारात आली त्या दिवशी मास्तर तिच्याभोवती फेऱ्या मारून मला म्हणाले, "अगं, आवाज ऐकलास का?" मी म्हटलं, "कसला? मला तर काहीच ऐकू येत नाही." "तेच तर!" म्हणाले, आणि लहान मुलासारखे हसले.

नुसत्या गाडीवर भागलं असतं तर मी कशाला बोलले असते? पण ह्यांचं प्रेम म्हणजे एकदा जडलं की जडलं. माझ्यावर जडलं तेव्हाही असंच झालं होतं, त्यामुळे मला तक्रार करायला जागा नाही. गाडी आवडली म्हणून त्यांनी त्या कंपनीचे शेअर घेतले, आणि मग कंपनीबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की राग नाकावर हजर. केस कापणाऱ्याशी वाद, औषधाच्या दुकानात वाद, दातांच्या डॉक्टरशी वाद, तोही तोंडात नळी असताना.

आता अशा माणसाला जावई कोणता मिळावा? गाड्यांच्या कंपन्यांचा अभ्यास करून त्यांचे शेअर घ्यावेत की विकावेत, हे जगाला सांगणारा! एका मोठ्या गुंतवणूक कंपनीत तो विश्लेषक आहे. त्याचा अहवाल आला की बाजार हलतो, असं लेक सांगते. मला एवढंच ठाऊक, की तो घरी आला की न सांगता भांडी विसळायला उभा राहतो. जावई पारखायला मला तेवढं पुरलं.

त्याच्या कामाचा एक कडक नियम आहे. अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत त्यात काय आहे हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही, अगदी बायकोलासुद्धा. सांगितलं तर नोकरी जाते, वर चौकशी मागे लागते. हा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता, ह्यांनाही. पण नियम पाठ असणं वेगळं आणि जावई टेबलाशी समोर बसलेला असताना जिभेला आवर घालणं वेगळं.

त्या रविवारी लेक-जावई जेवायला आले होते. ह्यांची गाडी लगेच सुरू झाली. "कंपनीची छोटी गाडी पुढच्या वर्षी येतेय. ती आली की बाकीच्यांनी दुकानं बंद करायची. काय रे, बरोबर ना?"

"बाबा, ह्या विषयावर मला बोलता येत नाही," जावई म्हणाला.

"बोलू नकोस. नुसता चेहरा कर."

लेक खुदकन हसली. जावयाने चेहरा केला नाही. इतका कोरा चेहरा मी आमच्या भिंतीचाही पाहिलेला नाही.

"बरं. मग मी उद्या आणखी थोडे शेअर घेऊन टाकतो," हे म्हणाले आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिले.

जावयाने पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला, आणि मला म्हणाला, "आई, बटाटे छान झालेत." त्याच्या ताटातले बटाटे होते तसेच होते.

ती दोघं गेल्यावर हे शीळ घालत दार लावून आले. "मौन म्हणजे संमती," म्हणाले. "काही वाईट असतं, तर तो मला अडवल्याशिवाय राहिला असता का? सासरा आहे मी त्याचा!" दुसऱ्या दिवशी त्यांनी शेअर घेतले, आमच्या सहलीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. मला विचारलं, आणि मी हो म्हटलं. त्या मौनाने मलाही फसवलं होतं.

गुरुवारी अहवाल आला. शेअर विका, असं स्वच्छ लिहिलं होतं. छोटी गाडी दोनदा लांबणीवर पडली आहे, पुन्हा पडेल. दुसऱ्या कंपन्या तशीच गाडी स्वस्तात विकू लागल्या आहेत. नवा कारखाना अर्धा रिकामा आहे. आणि शेअरचा भाव मात्र सगळी स्वप्नं खरी झाल्यासारखा आहे. वर जावयाचं नाव. दुपारपर्यंत भाव आपटला.

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी निभावून नेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "जावईबापूंचा फोन आला तर सांग, मी घरी नाही." जावईबापू! ज्याला लग्नापासून 'अरे'शिवाय हाक मारली नव्हती, तो एकदम बापू झाला. दुखणं खोलवर गेलंय हे मी तेव्हाच ओळखलं.

पुढे कंपनीची वार्षिक सभा होती. ही सभा म्हणजे आमच्या ह्यांचा आनंदसोहळा. छोट्या भागधारकांनाही तिथे माइक मिळतो, प्रत्येकी दोन मिनिटं. मग समोर लाल दिवा लागतो. बहुतेक जण अध्यक्षांची स्तुती करतात, काही जण चहाबरोबरची बिस्किटं कमी झाली म्हणून कुरकुरतात. ह्या वर्षी ह्यांनी भाषण कागदावर लिहून काढलं आणि आरशासमोर म्हणून पाहिलं. दाराबाहेर मला तुकडे ऐकू येत होते. 'घरभेदी टीकाकार' हा त्यातला सगळ्यात सौम्य.

मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. लेक तिथे आली आणि उसवलेल्या कोटांच्या ढिगाशेजारी बसून रडली. "आई, अध्यक्ष मुलाखतींतून सांगत सुटलेत, की टीका करणारे विकले गेलेत. ह्याला ऑफिसात घाणेरड्या मेल येताहेत. त्यात बाबा भर सभेत ह्याच्याविरुद्ध बोलले, तर मी कोणत्या तोंडाने घरी येऊ?"

"मी जाते त्यांच्याबरोबर," मी म्हटलं.

"जाऊन तू काय करणार?"

"कोट ओढून खाली बसवीन."

सभागृह गच्च भरलं होतं. आम्ही मधल्या रांगेत बसलो. शेवटच्या रांगेत विश्लेषक लोक बसतात. तिथे आमचा जावई मान खाली घालून बसला होता. ह्यांनी त्याला पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी मात्र हात हलवला. म्हटलं, तुमचं भांडण तुमच्यापाशी.

ह्यांच्या आधी एक कागदाचे व्यापारी उठले. जाड आवाजाचे. "हा जो अहवाल लिहिणारा आहे ना, तो विकला गेलाय! दुसऱ्या कंपन्यांनी त्याच्या घशात पैसे कोंबलेत. त्याची चौकशी करा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मंचावर अध्यक्ष नुसते हसले. "हे तुम्ही म्हणताय, मी नाही," एवढंच बोलले, आणि टाळ्या आणखी वाढल्या.

मग ह्यांचं नाव पुकारलं. मी कोटाचं टोक घट्ट धरलं होतं, पण हे इतक्या झटक्यात उठले की ते हातातून सुटलंच.

ह्यांनी कागद उघडला, त्याच्याकडे पाहिलं, आणि घडी करून खिशात टाकला.

"आत्ताचे गृहस्थ म्हणाले, अहवाल लिहिणारा विकला गेलाय," हे म्हणाले. "तो माझा जावई आहे."

सगळ्या माना ह्यांच्याकडे वळल्या.

"अहवाल यायच्या आधी तो माझ्याकडे जेवायला होता. मी त्याला सांगितलं, उद्या मी आणखी शेअर घेतो. भाव पडणार हे त्याला ठाऊक होतं. 'बाबा, थांबा' एवढं जरी म्हणाला असता, तरी माझे पैसे वाचले असते. टेबलाशी घरचीच चार माणसं. कुणाला कळलंही नसतं. पण नाही बोलला. मला त्याचा राग आला. अजून आहे." इथे ते त्या कागदाच्या व्यापाऱ्यांकडे वळले. "पण मला एक सांगा, जो सख्ख्या सासऱ्याला एक शब्द फुकट देत नाही, तो परक्यांना आख्खा अहवाल विकेल? जरा डोकं चालवा की!"

लाल दिवा लागला. हे हटले नाहीत. "आणि मी माझे शेअर विकणार नाही. जावई प्रामाणिक आहे, पण चुकलाय. त्याची चूक त्याला दाखवायचीय मला. तेव्हा साहेब, छोटी गाडी कधी येणार, तारीख सांगा."

"लवकरच," अध्यक्ष म्हणाले.

"लवकरच ही तारीख नाही," हे म्हणाले, आणि खाली बसले. मी त्यांचा हात धरला. घरून निघताना ह्यांच्या मनात काय होतं ते मला पक्कं माहीत आहे; कागद अजून त्यांच्या खिशातच होता. पण आपल्या माणसाला आपण वाट्टेल ते बोलावं, दुसऱ्याने बोललेलं खपत नाही. मला त्या क्षणी हा माणूस लग्नाच्या दिवशीपेक्षाही जास्त आवडला.

बाहेर जावई आमच्या गाडीपाशी उभा होता. पुढे यावं की निघून जावं, हे त्याला ठरवता येत नव्हतं. ह्यांनी पुढचं दार उघडलं. "बस," म्हणाले. मी निमूट मागे बसले.

"अहवाल आता प्रसिद्ध झालाय ना? मग बोल की! मला नीट समजावून सांग, कंपनी एवढी वाईट का आहे ते."

आणि तो बोलायला लागला. कारखान्यापासून बॅटरीपर्यंत, इतके दिवस साठलेलं सगळं. हे मध्येच "चूक!" म्हणत होते, तो "नाही बाबा, ऐका तरी" म्हणत होता. दोघांचेही आवाज चढले होते, आणि मागच्या सीटवर मला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं.

एका सिग्नलला गाडी थांबली. हे समोर बघत म्हणाले, "पैशांचं मला काही वाटलं नाही रे. म्हणजे वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की तू मला परका समजलास."

जावयाने मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं.

"परके असता, तर मला तो आठवडाभर झोप लागली असती, बाबा," तो म्हणाला.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तरी हे गाडी हलवेनात.